सहाशे चाळीस यार्डांचा रुकी: ठेवावा की विकावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एनएफएलवर, म्हणजे अमेरिकन फुटबॉलवर चालणारी बारा जणांची डायनेस्टी फॅन्टसी लीग, सुपरफ्लेक्स (क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारे, दोन उतरवता येतात), पूर्ण पीपीआर (प्रत्येक झेलाला एक गुण). एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या फेरीच्या उत्तरार्धात निवडला गेलेला एक रिसीव्हर (पास झेलणारा) तुमच्याकडे आहे. वय २२, कॉलेजात तीनच वर्षं खेळून बाहेर पडलेला. रुकी, म्हणजे पहिल्या, सीझनला १४ सामन्यांत ५१ झेल, ६४० यार्ड, ३ टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं). सुरुवातीला टीममधला चौथा रिसीव्हर होता, नोव्हेंबरपासून जवळजवळ पूर्ण वेळ मैदानात. क्वार्टरबॅक यथातथा, आणि सीझन संपताच कोचची गच्छंती झाली. लीगमधला एक मित्र त्याच्या बदल्यात २८ वर्षांचा, दरवर्षी हजार यार्डांच्या आसपास जाणारा रिसीव्हर आणि येत्या रुकी ड्राफ्टमधलं दुसऱ्या फेरीचं पिक (निवडीचा हक्क) देतोय. तुमची टीम नववी आली. सौदा करावा का, आणि एकूणच रुकी रिसीव्हरचं पुढचं कसं ओळखायचं? खेळाडूचं नाव तुम्ही मुद्दाम दिलं नाहीत, कारण लीगमधले बाकीचेही मराठीच आहेत आणि वाचतील. काही बिघडत नाही. नाव कळलं असतं तर आकड्यांआधी माझी जुनी मतंच मध्ये आली असती.

फॅन्टसी म्हटलं की ज्यांना ड्रीम इलेव्हन आठवतं त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. डायनेस्टी लीगमध्ये टीम दर आठवड्याला नव्याने निवडायची नसते. घेतलेला खेळाडू तुम्ही विकेपर्यंत किंवा सोडेपर्यंत तुमचाच. दरवर्षी एनएफएलमध्ये नव्याने आलेल्या पोरांचा, म्हणजे रुकींचा, वेगळा ड्राफ्ट होतो आणि त्यातली पिकंसुद्धा खेळाडूंसारखीच विकता-बदलता येतात. त्यामुळे रिसीव्हर घेताना पुढच्या सात-आठ वर्षांचा हिशेब मनात असतो. रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे) लवकर झिजतात, रिसीव्हर टिकतात. माइक एव्हन्स २०१४ साली आला आणि २०२४ पर्यंत सलग ११ सीझन हजार यार्डांच्या वर राहिला. ज्याने त्याला तेव्हा उचललं त्याला त्या एका जागेची दहा वर्षं काळजी करावी लागली नाही.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. हा पोरगा खेळाडू म्हणून कसा निघेल, हा एक. लीगमध्ये त्याचा भाव पुढे काय राहील, हा दुसरा. पहिल्या फेरीतल्या रिसीव्हरचा भाव एका फिक्या सीझनने थोडाच उतरतो. लोक म्हणतात, अजून लहान आहे, बघू. दुसऱ्या फिक्या सीझनने मात्र तो असा कोसळतो की कुणी तिसऱ्या फेरीचं पिकही देत नाही. म्हणजे रुकी वर्ष संपल्यापासून साधारण पुढच्या ऑक्टोबरपर्यंत तुम्हाला एक मुदत मिळते. त्या मुदतीत बाजाराच्या आधी तुम्हाला कळलं तर फायदा तुमचा. मित्राने देकार दिलाय तो ६४० या आकड्याकडे बघून. त्या आकड्याच्या पोटात काय आहे ते बघणं, आणि कोणता पुरावा किती दिवस धरून ठेवायचा हे ठरवणं, एवढंच आपलं काम आहे.

आधी परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी सांगून टाकतो, म्हणजे पुढे प्रत्येक वाक्याला 'पण' जोडायला नको. तुमच्या लीगमध्ये दर आठवड्याला किती रिसीव्हर उतरवता येतात यावर बरंच ठरतं. दोन रिसीव्हर आणि एकच फ्लेक्स (रिसीव्हर किंवा रनिंग बॅक, कुणीही चालणारी जागा) असेल तर मधल्या फळीतला रिसीव्हर बाकावर बसून राहतो, त्याला किंमत नाही. तीन रिसीव्हर आणि दोन फ्लेक्स असतील तर तोच माणूस दर रविवारी लागतो. टॅक्सी स्क्वॉड (तरुण खेळाडू वेगळे ठेवायच्या जादा जागा) असेल तर थांबणं फुकट आहे, नसेल तर प्रत्येक थांबण्यासाठी रोस्टरमधली, म्हणजे टीमच्या यादीतली, एक जागा मोजावी लागते. सुपरफ्लेक्समध्ये क्वार्टरबॅक वर सरकतात, त्यामुळे रुकी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत चांगला रिसीव्हर एक-दोन जागा खाली मिळून जातो. आणि तुमची टीम नववी आहे. जिंकायला निघालेल्या टीमने याच देकाराला वेगळं उत्तर दिलं असतं.

आता पुराव्यांकडे. सगळ्यात पहिला आणि सुरुवातीला सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे एनएफएलच्या टीमने त्याला कितव्या क्रमांकावर घेतलं. यामागे दोन कारणं आहेत. टीमकडे स्काउट असतात, डॉक्टरांचे रिपोर्ट असतात, मुलाखती असतात. आपल्याकडे यूट्यूबवरच्या चित्रफिती असतात. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: पहिल्या फेरीच्या पोराला संधी पुन्हा पुन्हा मिळते. त्याचा करार चार वर्षांचा, वर पाचव्या वर्षाचा पर्याय टीमच्या हातात. ज्या जनरल मॅनेजरने त्याला निवडलं त्याची अब्रू त्यात अडकलेली असते. चौथ्या फेरीतल्या पोराचं एक वर्ष वाईट गेलं तर त्याला थेट निरोप.

पण या पुराव्याची मर्यादा बघायची तर २०२० चा ड्राफ्ट काढा. २१ व्या क्रमांकावर ईगल्सनी जेलन रेगरला घेतलं, लगेच पुढच्या २२ व्या क्रमांकावर व्हायकिंग्जनी जस्टिन जेफरसनला. जेफरसनने पहिल्याच वर्षी ८८ झेल आणि १,४०० यार्ड केले. रेगर ईगल्सकडे दोनच सीझन टिकला. २०१६ साली पहिल्या फेरीत चार रिसीव्हर गेले: कोरी कोलमन, विल फुलर, जॉश डॉक्टसन, लक्वॉन ट्रेडवेल. त्या वर्षीचे खरे हिरे निघाले ते ४७ व्या क्रमांकावरचा मायकेल थॉमस आणि १६५ व्या क्रमांकावरचा टायरीक हिल. ट्रेडवेलने रुकी वर्षात किती झेल घेतले? एक. पंधरा यार्डांचा.

म्हणून क्रमांक हा सुरुवात करण्यापुरता. माझ्या हिशेबात रुकी सीझन संपेपर्यंत त्याचं वजन निम्म्यावर येतं आणि दुसरं वर्ष संपलं की खेळाडूच्या दर्जाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. बाजार मात्र ते वजन आणखी वर्षभर धरून बसतो. विकणाऱ्याची सोय तिथेच होते.

पुका नकुआ १७७ वा होता आणि रुकी वर्षात १०५ झेल, १,४८६ यार्ड करून गेला, हे मला दरवर्षी कुणी ना कुणी ऐकवतं. खरं आहे. पण पाचव्या फेरीत त्याच्या आगेमागे निवडले गेलेले किती जण आज आठवतात? अशा पोरांवर रोस्टरच्या शेवटच्या दोन जागा लावाव्यात, संघाची बांधणी नाही.

कॉलेजच्या आकड्यांत मी एकूण यार्ड जवळजवळ बघतच नाही. बघतो ते दोनच: टीमच्या एकूण पासिंगमधला त्याचा वाटा किती, आणि तो वाटा त्याने कितव्या वर्षी कमावला. १९-२० व्या वर्षी मोठ्या पोरांमधून स्वतःकडे चेंडू खेचून घेणारा आणि पाचव्या वर्षी, २३ चा असताना, १८ वर्षांच्या कॉर्नरबॅकवर (रिसीव्हरला अडवणाऱ्यावर) धावून जाणारा, यांचे आकडे सारखे दिसले तरी अर्थ सारखा नसतो. शाळा सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलमध्ये येता येत नाही. त्यामुळे तीन वर्षांत निघालेला पोरगा म्हणजे पहिली संधी मिळताच बाहेर पडलेला. पूर्वी ही खूण फार भरवशाची होती. अलीकडे ती थोडी पुसट झालीय: २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येतात, त्यामुळे मधल्या दर्जाची पोरं एक वर्ष जास्त राहतात, शिवाय कोविडच्या सीझनचं वर्ष मोजलं न गेल्याने काही बॅचेसची वयं वर गेली. तरी तुमचा पोरगा तीन वर्षांत निघालाय आणि पहिल्या फेरीत गेलाय, ही जोडी अजूनही चांगलीच आहे.

वाटा मोजताना शेजारी कोण होतं हेही बघावं लागतं. जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बाचं उदाहरण घेतो, कारण पुढे तुमच्या पोराशी त्याची गाठ घालून द्यायची आहे. २०२१ साली ओहायो स्टेटमध्ये त्याने ९५ झेल, १,६०६ यार्ड केले. त्याच टीममध्ये गॅरेट विल्सन आणि क्रिस ओलाव्हे होते, जे पुढच्याच ड्राफ्टमध्ये १० वे आणि ११ वे गेले. टीकाकार म्हणायचे की यातले ३४७ यार्ड एकट्या रोझ बोल या सीझनअखेरच्या सामन्यातले, आणि त्या सामन्यात ते दोघे खेळलेच नव्हते. बरोबर. ते ३४७ वजा करा. उरतात १,२५९. विल्सनचे त्या सीझनला १,०५८ होते, ओलाव्हेचे ९३६. म्हणजे दोघं शेजारी असतानाही चेंडू याच्याकडेच जास्त येत होता. पुढच्या वर्षी मांडीच्या स्नायूच्या दुखापतीने तो तीनच सामने खेळला, आणि बाजाराने तेच लक्षात ठेवलं.

पळण्याच्या वेगाबद्दल फार लिहीत नाही. २०१७ साली जॉन रॉस इंडियानापोलिसच्या ड्राफ्टपूर्व चाचणीत ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावला, तेव्हाचा विक्रम. नववा निवडला गेला. पुढे काय झालं ते डायनेस्टीवाल्यांना विचारू नका.

याच्या उलट, ज्या गोष्टीवर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात ती म्हणजे तो कुठे जाऊन पडला: क्वार्टरबॅक कोण, कोच कोण, शेजारचे रिसीव्हर कोण. लांबच्या हिशेबात मी याला सगळ्यात कमी वजन देतो, कारण यातलं काहीच टिकत नाही. व्हायकिंग्जनी जेफरसनला ज्या २२ व्या पिकने घेतलं ते पिक त्यांना स्टेफॉन डिग्जला बफेलोला देऊन मिळालेलं होतं. म्हणजे जेफरसनची जागा रिकामी झाली तीच एका बड्या रिसीव्हरच्या बदलीमुळे. ए. जे. ब्राउन २०२२ च्या ड्राफ्टच्या रात्री टेनेसीहून फिलाडेल्फियाला गेला आणि त्याच पिकवर टेनेसीने ट्रेलन बर्क्सला घेतलं. सिअ‍ॅटलमध्ये स्मिथ-एन्जिग्बा आला तेव्हा समोर डीके मेटकाफ आणि टायलर लॉकेट होते, 'याला चेंडू मिळणार कधी' म्हणून लोकांनी त्याला खाली ढकललं. मार्च २०२५ मध्ये दोघेही सिअ‍ॅटलबाहेर होते. क्वार्टरबॅकसुद्धा. तेव्हा तुमच्या पोराचा क्वार्टरबॅक सुमार आहे आणि कोच गेलाय, याने पुढचं वर्ष बिघडू शकेल, पण सात-आठ वर्षांच्या हिशेबात ते कोपऱ्यात लिहून ठेवण्याइतकंच आहे. एकच अपवाद: ज्या जनरल मॅनेजरने त्याला निवडलं तोही गेला असेल तर जरा सावध. नव्या माणसाची अब्रू तुमच्या पोरात अडकलेली नसते.

आता रुकी सीझनकडे येतो, कारण तुमचं उत्तर इथे आहे.

तुम्ही झेल, यार्ड, टचडाउन, सामने सगळं दिलंत, पण सगळ्यात कामाचा आकडा दिला नाहीत: त्याने रूट किती धावले. पासच्या प्रत्येक प्लेला रिसीव्हर मैदानात असेल आणि पासासाठी धावला असेल तर एक रूट. यार्डांना रूटने भागलं की प्रति रूट यार्ड मिळतात. फलंदाजाच्या धावा सांगताना चेंडू किती खेळला हे आपण आपोआप विचारतो, इथे मात्र लोक नुसत्या धावा सांगून मोकळे होतात. तुमचा पोरगा सुरुवातीला चौथा रिसीव्हर होता, म्हणजे रूट कमीच असणार. समजा ३८० धावला असेल, तर ६४० भागिले ३८०, जवळजवळ १.७. समजा ४८० धावला असेल तर १.३. यार्ड तेच, पण पहिल्या उत्तरात देकार हसण्यावारी न्यायचा आणि दुसऱ्या उत्तरात दोन रात्री विचार करायचा.

माझी ढोबळ पट्टी अशी आहे, शास्त्र म्हणून घेऊ नका. रुकी वर्षात २ च्या वर असेल तर विकण्याचा विषयच काढत नाही. १.६ ते २ मध्ये असेल तर ठेवतो आणि कुणी स्वस्तात देत असेल तर आणखी एक घेतो. १.२ ते १.६ मध्ये बाकीचा पुरावा, विशेषतः कॉलेजचा वाटा, पुन्हा उघडून बघतो. १.२ च्या खाली असेल, तोही मैदानात भरपूर वेळ असूनही, तर पहिला बरा देकार स्वीकारतो.

मधला पट्टा अवघड आहे, तो २०२३ च्या ड्राफ्टवरून दाखवतो. त्या वर्षी २०, २१, २२, २३ अशा लागोपाठ चार जागांवर चार रिसीव्हर गेले: स्मिथ-एन्जिग्बा, क्वेंटिन जॉन्स्टन, झे फ्लॉवर्स, जॉर्डन अ‍ॅडिसन. सीझन संपला तेव्हा अ‍ॅडिसनचे ९११ यार्ड आणि १० टचडाउन, फ्लॉवर्सचे ८५८ यार्ड, स्मिथ-एन्जिग्बाचे ६३ झेलांत ६२८ यार्ड, आणि जॉन्स्टनचे ४३१. तुमच्या पोराचे ६४०, स्मिथ-एन्जिग्बाचे ६२८. नुसते यार्ड बघणाऱ्याने तो चारात तिसरा ठरवला. पण ऑगस्टमध्ये त्याच्या मनगटाचं हाड मोडून शस्त्रक्रिया झाली होती, त्याच्याकडे येणारे बरेच पास अगदी जवळचे होते, आणि समोर दोन प्रस्थापित रिसीव्हर. त्याचे कॉलेजचे आकडे वर दिलेच आहेत. डिसेंबरात सोमवार रात्रीच्या सामन्यात ईगल्सविरुद्ध पिछाडीवर असताना शेवटच्या मिनिटात राखीव क्वार्टरबॅक ड्र्यू लॉकने २९ यार्डांचा निर्णायक पास टाकला तो याच्याकडे, मेटकाफ आणि लॉकेट मैदानात असताना. एका झेलावरून मी कुणाला घेत नाही. तरी घाईच्या क्षणी चेंडू कुणाकडे जातो ही नोंद मी ठेवतो. २०२४ मध्ये त्याने १०० झेल, १,१३० यार्ड केले.

टचडाउनवर मात्र भाळू नका. जहान डॉट्सन, २०२२ चा १६ वा पिक, रुकी वर्षात ३५ झेल आणि त्यांत ७ टचडाउन. पाच झेलांमागे एक टचडाउन हे कुणालाच वर्षानुवर्षं जमत नाही. पण त्या उन्हाळ्यात त्याचा भाव त्या सातांवर उभा होता. दोन वर्षांनी वॉशिंग्टनने त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकला. तुमच्या पोराचे तीनच टचडाउन आहेत हे मला उलट आवडलं. त्याच्या भावात फुगवटा नाही.

नुसता ढीगभर संधींचा आकडासुद्धा फसवतो. केल्विन बेंजामिनने २०१४ ला ७३ झेल, १,००८ यार्ड, ९ टचडाउन केले. कॅरोलायनाकडे दुसरा दमदार वाइड रिसीव्हर नव्हताच, त्यामुळे चेंडू सारखा त्याच्याकडेच, आणि त्याच्याकडे टाकलेल्यांपैकी जेमतेम निम्मेच झेलले गेले. वयही २३ होतं. पुढच्या वर्षी गुडघा गेला हे दुर्दैव, पण परत आल्यावरही त्याने पुन्हा कधी हजार यार्ड पाहिले नाहीत.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे ती नोव्हेंबरनंतरच्या सामन्यांची. सीझनचे मी नेहमी तुकडे करतो: सुरुवातीचे पाच-सहा सामने, मधले, आणि शेवटचे सहा. अमॉन-रा सेंट ब्राउन २०२१ ला चौथ्या फेरीत, ११२ वा गेला होता. डिसेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत लायन्सनी एकही सामना जिंकलेला नव्हता आणि याचा एकही टचडाउन नव्हता. त्या रविवारी व्हायकिंग्जविरुद्ध घड्याळात शून्य होत असताना क्वार्टरबॅक गॉफने त्याला गोलरेषेवर गाठलं आणि लायन्स २९-२७ ने जिंकले. तिथून पुढे सीझन संपेपर्यंत सलग सहा सामन्यांत त्याने प्रत्येकी किमान आठ झेल घेतले. लोक म्हणाले, हॉकेन्सन जखमी आहे, स्विफ्ट जखमी आहे, दुसरं आहे कोण? संधी दुखापतींमुळेच मिळाली हे खरं होतं. पण सहा आठवडे समोरचा संघ फक्त त्यालाच अडवायची तयारी करून येत होता आणि तरी तो मोकळा होत होता. ते बघून ज्यांनी त्या जानेवारीत त्याला घेतलं त्यांना तो फार स्वस्तात मिळाला.

तर तुम्हीही शेवटच्या सहा सामन्यांचे थर्ड डाउन (चेंडू पुढे नेण्याचा तिसरा प्रयत्न) बघा, फक्त तेवढेच. अमेरिकेत असाल तर एनएफएल प्लसच्या वरच्या वर्गणीत संपूर्ण मैदान दिसणारी कोचेस फिल्म मिळते. (भारतातून खेळणाऱ्यांनी रविवारी रात्री साडेदहा-साडेअकराला डोळे ताणत टीव्हीवर बघण्यात अर्थ नाही, टीव्हीच्या कॅमेऱ्यात रिसीव्हर दोन सेकंदांत चौकटीबाहेर जातो.) समजा थर्ड डाउन, सात यार्ड हवेत. कॉर्नरबॅक अगदी नाकासमोर उभा आहे. तुमचा पोरगा सुटताना दोन पावलं वाया घालवतो की खांदा वाकवून पहिल्याच पावलाला बाजूने निघतो? आठ यार्डांवर बाहेर वळताना वेग कमी करतो, की वळल्यावरच कॉर्नरबॅकला कळतं? क्वार्टरबॅकने त्याच्याकडे बघितलंच नाही आणि क्वार्टरबॅकच पाडला गेला, तर स्कोअरमध्ये काहीच नोंद होत नाही. पण पोरगा एक पाऊल मोकळा होता हे तुम्हाला दिसलं. सुमार क्वार्टरबॅकच्या टीममध्ये अशा नोंद न झालेल्या प्ले बऱ्याच सापडतात. आणखी एक बघा: कोच दोनच रिसीव्हर मैदानात ठेवतो तेव्हा त्या दोघांत तो असतो का. तीन रिसीव्हरांच्या रचनेत फक्त स्लॉटला, म्हणजे आतल्या जागी, दिसणारा पोरगा कोच बदलला की पहिला बाहेर बसतो.

या पद्धतीतून एक मोठा मासा निसटतो, तोही सांगायला हवा. दव्हान्टे अ‍ॅडम्स. २०१४ ला ४४६ यार्ड. २०१५ ला जॉर्डी नेल्सन सीझनभर बाहेर, चेंडू टाकणारा अ‍ॅरन रॉजर्स, म्हणजे याहून चांगली संधी नाही. तरी ४८३ यार्ड आणि एक टचडाउन. माझ्या पट्टीने तो तेव्हा विकायचा होता. २०१६ ला ९९७ यार्ड आणि १२ टचडाउन, आणि पुढची सहा-सात वर्षं तो लीगमधल्या पहिल्या पाचांत. घोट्याच्या दुखापतीचं कारण होतं, पण कारण प्रत्येकाकडेच असतं. असा एक अ‍ॅडम्स हातचा जाईल हे मी मान्य करून बसलोय, कारण त्याच्या आशेने ट्रेडवेल, डॉक्टसन आणि कोलमन तिसऱ्या वर्षापर्यंत सांभाळणारे लोकही मी बघितलेत.

आता देकार. २८ वर्षांचा हजार यार्डवाला रिसीव्हर नवव्या क्रमांकाच्या टीमला कशाला? तो तुम्हाला दोन सामने जास्त जिंकून देईल, तुमचं स्वतःचं पहिल्या फेरीचं पिक दोन जागा खाली ढकलेल, आणि पुढच्या वसंतात २९ चा झाल्यावर त्याला आजच्या निम्मी किंमत येईल. त्याला ऑक्टोबरात, जिंकायला निघालेल्या टीमला विकता येईल हा बेत कागदावर छान आहे. मधे एक गुडघा किंवा एक घोटा गेला की संपला. दुसऱ्या फेरीचं पिक म्हणजे बाराच्या लीगमध्ये १३ ते २४ मधला पोरगा. त्यातून तुमच्याकडे आत्ता आहे तसा पोरगा मिळण्याची शक्यता कमीच. म्हणजे जे हातात आहे तेच थोडं हलक्या प्रतीचं करून परत घ्यायचं.

त्यामुळे रूट मोजून आकडा १.५ च्या वर आला, किंवा नोव्हेंबरनंतरचा १.८ च्या पुढे गेला, तर नकार द्या. मित्राला म्हणा, म्हातारा तुझ्याकडेच ठेव, पुढच्या वर्षीचं पहिल्या फेरीचं पिक आणि वर काहीतरी किरकोळ दे, मग बोलू. त्याने मान्य केलं तर मी स्वतः थोडा विचारात पडेन, आणि त्याची टीम कमकुवत असेल तर बहुधा देऊन टाकेन. आकडा १.२ च्या आसपास आला, शेवटच्या सहा सामन्यांतही वर चढलेला नसेल, तर हा देकार वाईट नाही. पण तेव्हाही म्हाताऱ्याऐवजी दुसऱ्या फेरीची दोन पिकं मागा.

घाई मात्र आत्ता करू नका. मार्चमध्ये मुक्त खेळाडूंची खरेदी होईल, एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट. रुकी पिकांचा भाव या काळात दर आठवड्याला चढतो आणि तुमच्या लीगचा ड्राफ्ट सुरू झाला की शिखरावर असतो. पिकं घेणाऱ्याने आधी घ्यावीत, देणाऱ्याने तेव्हा द्यावीत. नव्या कोचने मार्चमध्ये मोठा रिसीव्हर आणला नाही आणि एप्रिलमध्ये पहिल्या दोन फेऱ्यांत कुणाला घेतलं नाही, तर तुमच्या पोराबद्दल टीमचं काय मत आहे ते तुम्हाला फुकटात कळेल. घेतलं, तर लीगमधले चार जण त्याच रात्री घाबरून मेसेज करतील. त्यांना दुसऱ्या दिवशी उत्तर द्या, आणि तोवर तुमच्या मित्राला 'विचार करतोय' एवढंच कळवून ठेवा.